ताकासारखं तेल

मी एक बुटका लोडर बोलतोय. पण जे सांगायला निघालोय ते मला बरोबर आठवतंय का, याची खात्री नाही. साल चौऱ्याहत्तर असावं, कदाचित पंचाहत्तर. खंडेनवमी होती एवढं नक्की, कारण त्या दिवशी राहीबाईने माझ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता.

माझा जन्म परदेशातला. जहाजाने आलो आणि कोरेगावजवळ कालव्याच्या कामावर रुजू झालो. जागच्या जागी गिरकी घ्यावी आणि मुरूम उचलावा, हे माझं काम. माझ्या हातांत बळ येतं ते तेलाच्या दाबाने. तेल स्वच्छ तर मी धड. माझ्याबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मला पानन् पान पाठ होतं. त्या विद्येचा उपयोग काय झाला, ते पुढे सांगतो.

माझा चालक नाथाजी, शिराळ्याकडचा, लष्कराच्या वर्कशॉपात शिकलेला. त्याची बायको राहीबाई त्याच कामावर पाट्या वाहायची. नाथाजीच्या नोकरीमुळे त्यांना पत्र्याची एक खोली मिळाली होती.

खंडेनवमीला नाथाजीने मला धुतलं आणि तेल किती आहे ते पाहायला टाकीचं टोपण काढलं. राहीबाई नारळाचा तांब्या ठेवायला जागा शोधत होती. टाकीचं तोंड तांब्याच्या बुडाला बेतल्यासारखं होतं.

"आवं, हितं बसतोय बगा झ्याक."

"ठेव की. माज्यापरास ह्येचीच पूजा जास्त हुतीया."

तांब्या हलला का? थेंब आत सांडले का? त्या वेळी मला वाटलं, सांडले. पूजेनंतर नाथाजीने कमी पडलेलं तेल भरलं. कोठीत सिमेंटची पोती रचलेली, म्हणून तेलाचं पिंप बाहेर उघड्यावर उभं असायचं. त्यातूनच त्याने ते आणलं.

दोन दिवसांत माझा पंप कण्हायला लागला. हात थरथरू लागले. एकदा भरलेलं बकेट वर नेताना हात मध्येच लुळा पडला आणि बकेट पाट्या वाहणाऱ्या हरणाबाईच्या पाटीपासून वीतभर अंतरावर आदळलं. ती पाटी टाकून खाली बसली.

"नाथाजी, उद्या बाई मेली तर जबाब कुनी द्यायचा?" कोठी आणि कामावरची माणसं सांभाळणारे नानासो म्हणाले. "चार दिसांत बरं कर, न्हाईतर दुसरा मानूस बगतो."

नाथाजीने मला दिवसभर निपचित उभं ठेवलं, म्हणजे पाणी तळाला बसेल. मग खालचं बूच काढलं. आधी पाणी आलं, मग ताकासारखं पांढरं तेल. त्याने नळ्या सोडल्या, हातांमधलं जुनं तेल निथळून काढलं, जुन्या धोतराने टाकी आतून पुसली, गाळणी बदलली आणि नवं तेल भरलं. मला थोडं चालवून त्यातला एक थेंब राहीबाईच्या तापल्या तव्यावर टाकला. पाणी असलं की थेंब चडचडतो.

थेंब चडचडला. त्याने पुन्हा सगळं उपसलं, पुन्हा त्याच पिंपातून भरलं. तिसऱ्यांदा तवा चडचडला तेव्हा तो माझ्या चाकाला टेकून बसला.

राहीबाई नानासोंपुढे गेली. "तांब्या म्या ठिवला. त्यांचा काय गुना न्हाई."

"आन् टोपान कुनी काढलं?"

"मी," नाथाजी म्हणाला.

"मग झालं तर."

दिवाळीच्या आत खोली रिकामी झाली. जाताना नाथाजीने टोपण आवळून बसवलं. "घट्ट लावलंय गड्या. आता तरी पानी पिऊ नगंस."

पुढच्या आठवड्यात तेलाचं नवं पिंप आलं. नव्या माणसाने मला धुऊन काढलं आणि तेल स्वच्छ राहिलं. लोक म्हणाले, बघा, तांब्याच नडला. मीही तेच धरून बसलो. माझ्या पुस्तकात पाणी शिरण्याच्या चार वाटा दिल्या होत्या. पहिली, उघडं टोपण. चौथी अशी, की पिंप उघड्यावर उभं ठेवलं तर झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि बुचातून हळूहळू आत ओढलं जातं. सगळं पाठ असून मी पहिल्या वाटेवरच थांबलो. चार थेंबांनी तीनदा भरलेलं तेल कसं नासेल, हे मला का सुचलं नाही?

आता मी सांगलीत बाळासोंच्या भंगारात पडून आहे. हात गंजलेत, टोपण मात्र अजून घट्ट आहे. शिराळ्याकडे जाणारं कुणी हे वाचत असेल, तर नाथाजीचं घर शोधा आणि राहीबाई असेल तर तिला सांगा. आज सकाळीच माझी खात्री झाली. त्याच कालव्यावर डंपर चालवणारा अर्जुना जुना पंप शोधत इथे आला, मला ओळखून थबकला आणि बाळासोंना म्हणाला, "ह्येच्यापायी नाथाजीची नोकरी गेली. पर त्याच पिपातलं त्याल माज्या डंपरात घातलं, तवा त्ये बी पांढरं झालं हुतं. मी गुमान वतून दिलं, कुनाला बोललो न्हाई."

"कवा रं?" बाळासोंनी विचारलं.

"खंडेनवमीच्या आदी, आठ दिस."