फ्रिजवरची पाच चुंबकं

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. माझ्यावर फुटबॉलचं मैदान आखलेलं आहे, आणि सध्या मला राग आलेला आहे.

कारखान्यातून निघताना माझ्यासोबत बावीस चुंबकं होती, अकरा लाल आणि अकरा निळी. कोच स्तोयान यांनी मला लंडनजवळच्या वॉटफर्डला घरी आणलं आणि फ्रिजवरची आणखी पाच शोभेची चुंबकं, त्यात एक छोटी रिक्षा, माझ्या कडेला चिकटवली.

"अरे, माझी रिक्षा कुठे नेलीस?" त्यांच्या पत्नी मीनाक्षी यांनी विचारलं.

"बाकावरच्या मुलांना जागा नाही फळ्यावर," ते म्हणाले.

स्तोयान बल्गेरियाचे. तिथे आणि नंतर इंग्लंडमधल्या एका लहान क्लबात ते मिडफिल्डर होते. मागून आलेला चेंडू पुढे द्यायचा, गोल दुसऱ्याने करायचा, हे त्यांचं काम. गुडघा गेल्यावर शेवटचे दोन मोसम त्यांनी बाकावर काढले. म्हणून मुलांचे कोच झाल्यावर त्यांनी एकच नियम केला. राखीव मुलांनी उत्तरार्धात उतरायचंच, आणि आपलं चुंबक स्वतःच्या हाताने मैदानात सरकवायचं. रिक्षा दिया नावाच्या राखीव मुलीची होती. ती सरकवल्यावर दिया बोट लगेच उचलायची नाही, ते मला कळायचं.

मग बारा वर्षांखालच्या मुलांची अंतिम लढत आली. मध्यंतराला एक-एक बरोबरी होती. संघातल्या विहानचे बाबा उदय धावत आले.

"कोच, आज फायनल आहे. दियाला बाकावरच राहू द्या ना."

मीनाक्षींशी पंचवीस वर्षं संसार करूनही स्तोयान यांचं मराठी अडखळायचं. "उदयराव, कंपनीने तुला तीन महिने काम नाही दिला, बेंचवर ठेवला. छान वाटला?"

उदय मागे फिरले. रिक्षा मैदानात गेली. आमचा संघ दोन-एक असा हरला.

आठवड्याभरात क्लबच्या एका ईमेलने स्तोयान यांचा संघ काढून घेतला. नव्या कोचकडे टॅब्लेट होता. मी क्लबच्या शेडमध्ये पडून राहिलो.

या जानेवारीत स्तोयान गेले. शोकसभेत क्लबचे अध्यक्ष परीक्षित म्हणाले, "प्रत्येक मूल खेळलं पाहिजे, ही त्यांची शिकवण आम्ही जपली." त्याच सकाळी शेड रिकामी करताना त्यांनी मला बाहेरच्या स्किपमध्ये, कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, टाकलं होतं. दियाने मला तिथून ओढून काढलं आणि स्तोयान यांच्या मुलीच्या, ईशिताच्या हातात दिलं.

परीक्षित ओशाळले. "ईशिता, मिस्टेक झाली गं. आपण हा क्लबहाउसमध्ये लावू, काचेत. प्रॉपर ट्रिब्यूट."

"काका, राखीव मुलं उत्तरार्धात उतरतात अजून?"

"डिपेंड्स. लीगमध्ये टिकायचंय ना."

"मग काच राहू द्या. नियम परत आणलात की मला फोन करा, मी स्वतः आणून देईन."

तिने मला गाडीत ठेवलं. त्याला तीन महिने झाले. फोन आलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून जपा, असं मी सांगणार नाही. मला धुळीचं दुःख नाही. ज्यांनी त्या माणसाचा नियम मोडला तेच त्याच्या नावाने हार घालतात, हे मला सहन होत नाही. येत्या रविवारी तुमच्या सामन्यात एक मूल कोट न काढता शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहील. त्याला का उतरवलं नाही, ते तुमच्या कोचला सगळ्यांसमोर विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.