सतरावा तुकडा

टेबलावर कागदाचे सतरा तुकडे होते. पुढचे दोन, पाठीचे दोन, कडेच्या पट्ट्या दोन. बाह्यांचे वरचे दोन आणि खालचे दोन. काखेत बसवायचे चौकोन दोन. कॉलरचे दोन, मनगटपट्टीचे दोन. हे सोळा जोडीजोडीने मांडलेले होते. सतरावा एकटाच होता. तळहाताएवढा, लंबगोल, आणि त्यावर पेनाने ‘डावा’ असं लिहिलेलं.

टाचणी टेबलाशी वाकली. तिने तो उचलला, उलटून पाहिला आणि होता तिथेच ठेवला. अक्षर तिचं नव्हतं. बाकी सगळं तिचं होतं.

लहानपणी ती ओठांत टाचण्या धरून बाहुल्यांचे कपडे शिवायची, म्हणून घरात तिला टाचणी म्हणत. या नाट्यसंस्थेच्या कपडेपटात ती आज पहिल्यांदाच आली होती. सकाळी कपडेपटाच्या बाईंचा फोन आला होता, ‘तुमच्या ताईचा नमुना तुम्हीच शिवलात ना? जरा येऊन जा, घोळ झालाय.’ कसला नमुना, हे विचारायच्या आत फोन बंद झाला होता.

“हे बघ,” बाई म्हणाल्या. त्या साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात टेप अडकवलेल्या. त्यांनी दांडीवरचा पडदा बाजूला केला. विटकरी रंगाचे आठ अंगरखे एका ओळीत लटकत होते. “पहारेकरणींचे. शिंप्याने कागदाबरहुकूम शिवलेत, एक दोरा इकडचा तिकडे नाही. पण अंगात घातले की आठच्या आठ जणी डाव्या खांद्यावर पोतं घेऊन निघाल्यासारख्या दिसतात.”

“आणि ते पोतं टोचतं,” आरशासमोर बसलेली एक पहारेकरीण म्हणाली. “काल तलवार उगारली तर खांदा कानाला लागला.”

“तुझा कानच खाली आलाय, ऐकत नाहीस म्हणून,” बाई म्हणाल्या. मग टाचणीकडे वळून, “बाकी नमुना मात्र झकास. बाही नाइटगाउनची, धड कोटाचं, कॉलर रेनकोटची. तीन घरच्या तिघी एका घरात नांदवायच्या म्हणजे डोकं लागतं. तुझ्या ताईला डोकं आहे हो. मी तर तिला हाताखालीच घेतलं. पुढच्या नाटकाचे कपडे सगळे तिचे.”

टाचणीने अंगरख्याची बाही हातात घेतली. नाइटगाउनच्या बाहीचा घेर कोटाच्या मुंढ्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त भरला होता. तीन वेळा उसवल्यावर तिने तो फरक खांद्यावर चार बारीक चुण्यांत जिरवला होता. इथेही चार चुण्या होत्या. काखेतला चौकोनही होता, हात वर केला की धड वर ओढलं जाऊ नये म्हणून घातलेला. त्यासाठी तिने ताईला स्वयंपाकघरात माळ्यावरचे डबे काढायला लावले होते, पुन्हा पुन्हा, ताई कंटाळून ओरडेपर्यंत.

आणि तो एकटा तुकडा, ताईच्या अक्षरातला. तो कुठल्याच पॅटर्नमधला नव्हता.

नऊ वर्षांची असताना ताई भिंतीवरून पडली. गळ्याजवळचं हाड जुळलं, पण आखूड जुळलं. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ताई केस डाव्या बाजूला सोडायची, ओढणी डाव्या बाजूला घ्यायची, फोटोत उजवीकडे उभी राहायची. या नाटकात ताई राणी होती. राणीचे केस वर बांधायचे होते, आणि दिग्दर्शकाने तिला निवडलं होतं ते, त्याच्याच शब्दांत, ‘ही पट्टीने आखल्यासारखी उभी राहते’ म्हणून. टाचणीने तिला भिंतीशी उभं करून मोजलं होतं. जमिनीपासून उजवा खांदा एकशे छत्तीस सेंटिमीटर, डावा एकशे साडेचौतीस. अंगरखा दोन्हीकडे सारखा कापून तिने डाव्या खांद्यात दीड सेंटिमीटरची गादी घातली होती, जुन्या पलंगपोसाचे थर एकावर एक शिवून. ताईने आरशात बघितलं होतं, एकदा समोरून, एकदा बाजूने. मग म्हणाली होती, “हा मी बाईंना दाखवते. कागदही दे. कपडेपटात एक जागा आहे, तुझं नाव सांगते.”

दोन महिन्यांपूर्वी. नंतर एकदा जेवताना तिने सांगितलं होतं, “बाईंना नाही गं आवडलं. आणि जागाही भरली. अंगरखा मात्र माझ्याकडेच राहू दे हं.”

दार ढकलून ताई आत आली. अंगात तोच अंगरखा, केस वर बांधलेले, दोन्ही खांदे एका रेषेत. टाचणीला पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

“तू कशी काय?”

“मी बोलावलं,” बाई म्हणाल्या. “बरी आलीस. आता सांग, एकाच खांद्यात गादी कशाला ठेवलीस?”

“स्टाइल आहे ती.”

“कसली डोंबलाची स्टाइल?”

ताईने टाचणीकडे पाहिलं. टाचणीने तेवढ्यात एका अंगरख्याचं अस्तर टाचायला घेतलं होतं. तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या होत्या.

“तू शिवलास ना पहिला?” बाईंनी तिला विचारलं. “काय सांगितलं होतं हिने तुला?”

टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. ताईचा हात डाव्या खांद्यावर गेला होता आणि तिथेच राहिला होता.

“हिने मला काहीच सांगितलं नव्हतं,” टाचणी म्हणाली. “गादी काढली की नीट बसतील.”

“मग काढ. नऊच्या नऊ.”

“माझी राहू दे,” ताई म्हणाली.

“का बुवा? राणीला खांदा जास्त? शेवटच्या प्रवेशात नऊ जणी एका रांगेत उभ्या राहतात. सगळं सारखं हवं, हे तूच मला शिकवत होतीस.” बाई टेप सावरत बाहेर निघाल्या. जाता जाता पहारेकरणीला म्हणाल्या, “चल गं, तुझा पट्टा बघू. संध्याकाळी सगळ्या पूर्ण कपड्यात उभ्या राहा, दिग्दर्शक येणार आहेत.”

खोलीत दोघीच उरल्या. ताईने अंगरखा काढला, साधा कुडता चढवला, ओढणी डाव्या बाजूला घेतली.

“मी सांगणार होते तुला.”

“कधी?”

“प्रयोग झाला की.”

“जागा भरली म्हणालीस.”

“भरलीच ना,” ताई म्हणाली, आणि आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आल्यासारखी थांबली. “हे बघ, या राणीनंतर मला आयांचीच कामं येणार. मग सासवांची. मग काहीच नाही. तुझं तसं नाही. तुला काय, छप्पन्न जागा मिळतील.”

टाचणी उसवायची कात्री शोधत होती. ती टेबलावर, कागदांखाली होती.

“बाकीच्यांच्या काढ. माझी तेवढी सोड,” ताई हळू आवाजात म्हणाली. “बाई काय चाचपून बघणारेत का? तुला माहितीये ना माझा खांदा.”

“माहितीये.”

ताईने अंगरखा घडी करून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचा गाल चिमटीत धरून हलवला. “माझी शहाणी टाचणी.” मग रंगभूषेच्या खोलीकडे निघून गेली. उत्तर ऐकायला ती थांबली नाही. लहानपणापासून कधीच थांबत नसे.

टाचणीने दांडीवरच्या आठही गाद्या काढल्या. शिंप्याचे टाके मशीनचे होते, सुताची टोकं ओढली की सुटत होते. आत नवा कोरा फोम होता. अस्तर तिने हाताने बंद केलं आणि एकेक अंगरखा पुन्हा लटकवला.

नववा वेगळा होता. त्याचे टाके तिचेच होते, बारीक आणि जवळजवळ, आणि त्यांच्याखाली कात्रीचं टोक शिरत नव्हतं. सुईने एकेक टाका उचलून कापावा लागला. गादी बाहेर आली तेव्हा तिला खांद्याचा बाक आला होता. पलंगपोसावरची निळी फुलं अजून ओळखू येत होती. दोघी एकाच पलंगावर निजायच्या तेव्हाचा तो होता. तिने गादी पर्समध्ये ठेवली आणि अस्तर बंद केलं, आधीइतक्याच बारीक टाक्यांनी.

मग कोपऱ्यातला लाकडी पुतळा उजेडात ओढला, त्याचा स्क्रू फिरवून उंची ताईएवढी केली, अंगरखा त्याला चढवला, कॉलर सरळ केली. बाहेर बाई पहारेकरणींना रांगेत उभं करत होत्या, ताईचं हसणं ऐकू येत होतं. टाचणीने टेपचं टोक पायाखाली दाबून धरलं.

उजवा खांदा, एकशे छत्तीस. डावा, एकशे छत्तीस.