उन्हाळ्यातली लोकरीची टोपी

एकतीस वर्षांत वकीलबाईंनी नऊशेच्या वर संसार मोडून दिले होते, आणि तेही इतक्या मायेने, की काही जोडपी एका सुरात आभार मानत आणि मग जिना आधी कोणी उतरायचा यावरून भांडत.

त्यांची पद्धत साधी. मूल एका घरातून दुसऱ्या घरी जायचं ते त्यांच्या ऑफिसातून. सोबत पिशवी, पिशवीत सामानाची यादी, यादीवर दोघांच्या सह्या. आणि समोरच्याने मुलासाठी काही मागितलं, तर कारण न विचारता द्यायचं.

त्या रविवारी पाच वाजता सहा वर्षांची मुलगी बापाकडून आईकडे यायची होती. आई साडेचारलाच येऊन बसली होती. साडेपाच झाले. बापाचा फोन बंद.

"रस्त्यात गर्दी असेल," वकीलबाई म्हणाल्या. खिडकीखालच्या रस्त्यावर मधोमध एक कुत्रं झोपलं होतं. अर्ध्या तासात त्याला कोणी उठवलं नव्हतं.

"मॅडम," आई हळूच म्हणाली, "सकाळी त्याने तिची लोकरीची टोपी मागवून घेतली."

"या उन्हात?"

"तेच विचारणार होते. पण तुमचा नियम! मुकाट्याने दिली."

वकीलबाईंनी खिडकी सोडून मुलीची फाईल उघडली. बापाचा थोरला भाऊ बर्फाच्या देशात राहायचा आणि ऊठसूट 'इकडेच या' म्हणायचा. मुलीचा पासपोर्ट बापाकडे होता. "राहू दे त्याच्याकडे, विश्वास दाखवावा लागतो, ताई," असं आईला सांगणारी विदुषी त्या स्वतःच होत्या.

"पासपोर्ट..." आईचे ओठ पांढरे पडले.

"बाई, घाबरू नका," कारकुनाने धीर दिला. "एकतीस वर्षांत एकही मूल पळवलं गेलेलं नाही. एखादं कधीतरी जायचंच."

वकीलबाईंनी पोलिसांना फोन लावला. घाईत तो दातांच्या डॉक्टरांना लागला. आज दवाखाना बंद आहे, असं त्यांनी सांगितलं. आईने ऐकू नये म्हणून वकीलबाई फोन घेऊन जिन्यात गेल्या, पुन्हा नंबर दाबू लागल्या, आणि खालच्या वळणावर त्यांना लोकरीची टोपी दिसली.

टोपीखाली मुलगी होती, घामाघूम. शेजारच्या पायरीवर बाप, तिच्याहून घामाघूम.

"हळू बोला मॅडम. हिची आई आलीय का?"

"कधीपासून बसलाय?"

"पावणेपाचपासून. सारखे तिचे फोन, म्हणून बंद केला."

"अहो, तुम्ही पळालात असं वाटलं मला!"

"विचार केला होता. पण ती शोधून काढते हो."

मुलीने टोपी काढली. एका बाजूचे केस खांद्यावर, दुसऱ्या बाजूचे कानाच्या वर, आणि मागे जे होतं त्याला केस म्हणणं धाडसाचं होतं.

"बाबांनी च्युइंगम काढलं," ती म्हणाली.

"सारखे करायला गेलो," बाप म्हणाला. "दर वेळी दुसरीच बाजू लांब दिसायची."

वर पावलं वाजली. बाप वकीलबाईंच्या मागे सरकला. वकीलबाईही सरकल्या असत्या, पण मागे जागा नव्हती.

आई पायऱ्या उतरून आली. तिने मुलीचे हात चाचपले, गाल चाचपले, मग ते डोकं छातीशी इतकं घट्ट धरलं, की मुलगी म्हणाली, "आई, श्वास!"

"कात्री आहे का?" आईने कारकुनाला हाक मारली.

बाप दोन पायऱ्या खाली गेला.

"तुझ्यासाठी नाही. इकडे ये. तिचं डोकं सरळ धर."

कागद कापायच्या कात्रीने, जिन्यातच, आईने सगळे केस कानाशी आणले. बाप श्वास रोखून डोकं धरून होता. या वेळी एकही केस वाकडा राहिला नाही.

वकीलबाई टेबलाशी परतल्या. यादीवर त्यांनी दोघांच्या सह्या घेतल्या. मग छापील नियमातली 'कारण विचारू नये' ही ओळ खोडून त्यांनी लिहिलं : 'विचारावे. ओरडू नये.'

"आणि पासपोर्ट उद्या माझ्या कपाटात," त्या म्हणाल्या.

बापाचा चेहरा पडला. "विश्वास नाही राहिला, मॅडम?"

"विश्वास आहे हो," वकीलबाई म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. "मला झोप लागायला हवी."