तीनदा उसवलेला स्कर्ट

मित्रांनो, मी मापाची एक जुनी टेप आहे. लांबी साठ इंच, एका टोकाला पितळी पट्टी, आणि मधले बरेच आकडे गावाच्या कमरांना घासून पुसट झालेले. शिरूरच्या बाजारात करुणाने मला उचललं, दोन्ही टोकं धरून ताणून पाहिलं आणि म्हणाली, "ताणत न्हाई. ही द्या." तेव्हापासून मी तिच्या गळ्यात आहे.

करुणा निमोण्यात शाळेचे गणवेश शिवते. तिच्या दोन गोष्टींचं मला फार कौतुक. एक, घेतलेलं माप ती तारीख घालून वहीत लिहिते, मनात ठेवत नाही. दुसरी, वाढत्या पोरांच्या कपड्यात ती माया ठेवते. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड. पोर वाढलं की उसवायचं आणि कपडा सैल करायचा.

तिची लेक दीक्षा दहा वर्षांची, स्वमग्न. बोलणं मोजकं. आजी सोडून कुणी हात लावलेला तिला खपत नाही, पण माझं टोक तिच्याच मुठीत दिलं की माप घेऊ देते. मागच्या वर्षी ती फार हैराण होती. स्वतःचं मनगट चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. दौंडच्या डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली आणि बजावलं, दर तीन महिन्यांनी आणून दाखवा. गोळी लागू पडली. दीक्षा मशीनजवळ बसून रिळं रंगांप्रमाणे लावू लागली. मनगटावरच्या जखमा भरल्या. सगळं इतकं छान चाललं की दौंडला जाणं राहूनच गेलं. जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या येत राहिल्या.

जूनमध्ये दीक्षाची कंबर तेवीस इंच होती. सप्टेंबरात करुणाने स्कर्टची माया उसवली. डिसेंबरात पुन्हा उसवली.

ब्लाउज शिवायला आलेल्या गिताबाई म्हणाल्या, "करुणा, पोरीची तब्येत लई भारी झाली गं! मानवलं औषध."

दीक्षाची आजी ताईबाई फुलून गेली. "चार चार भाकरी खाती आता! पयलं एका घासासाठी अंगणभर पळवायची मला." मग पोरीची मान चोळत म्हणाली, "ही मान तेवढी काळी पडलीया. साबण संपला, पण मळ निघंना."

जानेवारीत स्कर्ट तिसऱ्यांदा उसवला. सगळी शिवण मोकळी केली तरी हूक लागेना. माया संपली होती.

करुणाने आधी मलाच दोष दिला. "ही टेप बिघडली." दुसऱ्या दिवशी नवी कोरी टेप आली. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर मी खिळ्याला लटकले. वाईट वाटलंच. पण नवीही म्हणाली साडेसत्तावीस. मग करुणाने वही उघडली आणि दीक्षाची सगळी मापं एकाखाली एक वाचली. वाचून झाल्यावर तिने मशीनवर झाकण घातलं. भर दुपारी मशीन बंद, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आत्या, उद्या दौंडला जायाचं," ती सासूला म्हणाली. वही पिशवीत घातली, आणि वहीवर मला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मध्ये वजन केलं होतं का?"

"न्हाई म्याडम. पण कमरेची मापं हायेत."

बाईंनी वही वाचली, दीक्षाची मान पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "साखर वाढायला लागलीये. वेळेत आलात. या गोळीने काही मुलांची भूक फार वाढते, वजन वाढतं. मानेवरचा काळेपणाही त्यातलाच."

"म्हंजी तो मळ न्हवता?" ताईबाईने नातीच्या मानेकडे पाहिलं. "आन् मी घासत बसले व्हते." तिने पुढे विचारलं, "मग ती भूक बी गोळीचीच?"

"हो आजी. बऱ्याच अंशी."

"पोरगी हावरी न्हाई. लिहून द्या तसं. शाळेत चिडवत्यात."

करुणा रडवेली झाली. "मीच उसवत गेले, म्याडम. आजपास्नं गोळी बंद?"

"अजिबात नाही. एकदम बंद केली तर पुन्हा डोकं आपटेल. हळूहळू कमी करू, दुसरं काय देता येतं ते बघू. खाण्याचं, चालण्याचं सांगते. आणि बाई, वजन, कंबर, साखर यांची नोंद दर वेळी लागते. त्यातली एक तुम्ही न सांगता ठेवलीत. रडताय कशाला?"

त्या दिवशी माझी छाती, असती तर, छत्तीस इंच फुगली असती.

मित्रांनो, जादू काही झाली नाही. गोळी कमी करताना दीक्षाने दोनदा मनगट चावलं. भाकरीचा डबा वरच्या फळीवर गेला तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. पण करुणा गोळी आणि पोरगी दोन्ही सांभाळत राहिली. संध्याकाळी ताईबाई गुडघे धरत नातीबरोबर कालव्यापर्यंत चालू लागली. एप्रिलमध्ये जयंतीच्या पांढऱ्या फ्रॉकचं माप घेतलं, तेव्हा कंबर सत्तावीस भरली. अर्धाच इंच कमी. करुणाने तो आकडा लिहिला आणि त्याखाली दौंडची पुढची तारीख घातली.

तुमच्या वर्गात अशी कुणी दीक्षा असेल तर तिला जाडी म्हणू नका. तिच्या पोटात किती भूक आहे, ते तुम्हाला बाहेरून मोजता येणार नाही. आणि घरातल्या मोठ्यांना माझा एवढा निरोप द्या: औषधाने लेकरू शांत झालं म्हणून त्याला डॉक्टरांकडे न्यायचं थांबवू नका.