दातांत धरलेला दांडा

मिस्त्रीला वर्षभर इंजिनं ऐकू येत नव्हती. माणसंही ऐकू येत नव्हती म्हणा, पण त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. माणसं तेच तेच बोलतात, असं त्याचं ठाम मत होतं. इंजिन मात्र उगाच तोंड उघडत नाही.

"कानाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड असतं, ते जाम झालंय," असं डॉक्टरने कागदावर लिहून दाखवलं होतं. "नस ठणठणीत आहे. आवाज आत जायचा रस्ता तेवढा बंद झालाय."

"जाम झालंय तर चार थेंब तेल सोडा की," मिस्त्री म्हणाला होता. डॉक्टर हसला नाही. ऑपरेशनचं नाव काढताच मिस्त्रीने हात जोडले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर गॅरेजात त्यातून पत्र्यावर खडी ओतल्यासारखा गोंगाट यायचा. दोन दिवसांत ते ड्रॉवरमध्ये पान्यांच्या शेजारी जाऊन पडलं. घरी तरी घाला, म्हणून बायकोने डोकं फोडून घेतलं. पण हट्टीपणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याचं काम होतं बागेतले छोटे ट्रॅक्टर दुरुस्त करायचं. तेही जुने, तीस-चाळीस वर्षांचे, जे बघून बाकीचे मेकॅनिक सरळ भंगारवाल्याचा पत्ता देतात. मिस्त्री त्यांना एकेक नट सोडून पुन्हा उभं करायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक तुटक्या हातोडीचा लाकडी दांडा होता, तेल पिऊन काळा पडलेला. वस्तादाने शिकवलं होतं तसं त्याचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि दुखणं ओळखायचं. आता दांडाही मुका झाला होता.

कान गेल्यापासून बायको त्याचे कान झाली होती. गिऱ्हाईक आलं की ती पुढे बसायची आणि त्याला खुणांनी, नाहीतर ओरडून सांगायची. ती हुशार होती, पण इंजिनाच्या बाबतीत अगदीच कच्ची.

"आवाज कुठून येतोय?" तो विचारायचा.

"ट्रॅक्टरमधून!" ती ओरडायची.

अशात ग्रंथपाल बाईंचा लाल ट्रॅक्टर आला. निवृत्त झाल्यावर बाई त्यावर बसून स्वतःच्या बागेतलं गवत कापत. वीस वर्षांपूर्वी मिस्त्रीनेच तो भंगारातून उठवला होता. आता आत काहीतरी ठकठक करत होतं. मिस्त्रीने लक्षणं विचारली, अंदाज बांधला, आठवडाभर खपून इंजिन खोललं आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बदललं. बाई घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या. त्या काय म्हणाल्या ते ऐकायची गरजच पडली नाही. ओठांवरूनच कळलं. "मिस्त्री, अजून वाजतंय हो."

चाळीस वर्षांत त्याचं एकही इंजिन असं परत आलं नव्हतं. बाई गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "शनिवारपर्यंत हा ठोका सापडला नाही तर शटर कायमचं खाली. आंधळेपणाने लोकांची मशीनं फाडत बसणार नाही मी." बायकोने ओरडून समजूत घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. समजूत काही ओरडून घालता येत नाही.

शुक्रवारची दुपार झाली तरी ठोका सापडला नव्हता. इंजिन सुरू होतं. मिस्त्रीचा एक हात थ्रॉटलवर, दुसऱ्यात बॅटरी. सवयीने उचललेला दांडा धरायला हात उरला नाही म्हणून त्याने, सुतार पेन्सिल धरतो तसा, तो दातांत धरला आणि तेल कुठून गळतंय ते बघायला खाली वाकला. दांड्याचं टोक इंजिनाला टेकलं.

आणि त्याच्या डोक्यात इंजिन सुरू झालं.

तो झटक्याने मागे सरला. शांत. भीत भीत पुन्हा वाकला, दांडा टेकवला. पुन्हा सगळं आलं, कानातून नाही, दातांतून, जबड्यातून, थेट कवटीत. पिस्टन वर चढत होता, क्षणभर थांबत होता, खाली येत होता. व्हॉल्व्ह उघडत होते, मिटत होते. तळाशी तेल उडत होतं, ते उडणंसुद्धा त्याला ऐकू आलं. कान धडधाकट होते तेव्हाही त्याने इंजिन नेहमी बाहेर उभं राहून ऐकलं होतं. आज तो आत उभा होता. एवढ्याशा लोखंडी पेटीत इतकं सगळं, इतकं वेळेवर चालतं, आणि आपण आयुष्यभर त्याला नुसतं मशीन म्हणत आलो, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

मग तो ठोका आला. ठक.

त्याने दांडा सरकवला. खाली, रॉडपाशी, ठोका लांब गेला. बाजूला, फ्लायव्हीलच्या झाकणाशी, तो दातांवर आदळला. मिस्त्री दांडा तोंडात असतानाच हसला. अरे गाढवा! हे जड चाक इंजिनाच्या आसावर पक्कं बसवणारी बोटाच्या पेराएवढी चावी झिजली होती, आणि चाक जागच्या जागी हिसके देत होतं. बाहेरून हा ठोका हुबेहूब बेअरिंगसारखा वाटतो. त्याने मात्र बिचाऱ्या बेअरिंगचा बळी दिला होता.

तासाभरात नवी चावी घासून बसली, नट आवळला गेला. इंजिन पुन्हा सुरू झालं. दांडा दातांत. ठोका नाही. नुसती एकसारखी, भरलेली लय. ती संपू नये असं त्याला वाटलं. बराच वेळ तो तसाच बसून राहिला.

बायको चहा घेऊन आली तेव्हा नवरा ट्रॅक्टरला दांडा लावून, तो दातांनी चावत, डोळे पुसत होता. तिचा कप हिंदकळला. त्याने इंजिन बंद केलं, घाईघाईने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दांड्याकडे पाहिलं, मग फडक्याने त्याचं दुसरं टोक खसाखसा पुसलं.

"इकडे या," तिने खुणेने सांगितलं.

एक टोक त्याच्या दातांत, दुसरं तिच्या. मध्ये वीतभर अंतर. तिचे ओठ जेमतेम हलले.

"नटबोल्ट."

लग्न झालं तेव्हापासून ती त्याला हळूच, फक्त दोघंच असताना, या नावाने हाक मारायची. वर्षभरात 'जेवायला चला', 'फोन आलाय', 'गिऱ्हाईक आलंय' एवढंच कानाशी ओरडून झालं होतं. ही हाक कुठे गेली, असा प्रश्नसुद्धा त्याला पडला नव्हता. माणसं तेच तेच बोलतात म्हणे!

"वर्षभर का नाही म्हणालीस?" त्याने दांडा काढून विचारलं.

तिने शेजारच्या वेल्डरच्या दुकानाकडे बोट दाखवून कपाळाला हात लावला. हे काय गल्लीभर ओरडून सांगायचं?

त्याने पुन्हा दांडा दातांत धरला. "अजून एकदा म्हण," तो तसाच पुटपुटला.

ती दचकली. तिचे डोळे विस्फारले. त्याचा आवाज तिच्याही डोक्यात आत, अगदी आत उमटला होता. चहावर साय धरली, बाहेर ग्रंथपाल बाई ट्रॅक्टरची चौकशी करायला येऊन उभ्या राहिल्या, तरी दोघांपैकी कुणीही दांडा सोडला नाही.