बोटावरचा चिमटा आणि प्राणगुरू

दुपारच्या सुट्टीत आमच्या छापखान्याच्या कागदखोलीत पाय ठेवायला जागा नसे. बाकावर आप्पा झोपलेले, त्यांच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा आणि उशाशी प्राणगुरू म्हणवणारे एक बाबा. आप्पा आमचे कागद कापणारे कारागीर. घोरता घोरता त्यांचा श्वास थांबे आणि चिमट्यावरचा आकडा साठावरून पन्नासावर उतरे. गुरू हात उंचावून "प्राणा, माघारी ये" म्हणत, की आकडा थेट नव्वदावर. बाइंडर हात जोडत. मी मुद्रितशोधक, चुका काढणं हाच माझा धंदा, पण मलाही इथे चूक सापडेना. त्याची आजही लाज वाटते.

आप्पा तर हवेतच होते. ही सिद्धी आहे, औषधानं ती जाईल, असं गुरूंनी सांगितल्यापासून त्यांनी डॉक्टरांचं नाव घेणंच सोडलं होतं. दिवसा मात्र त्यांना यंत्रासमोर पेंग येई. गेल्याच आठवड्यात पातं त्यांच्या बाहीतून गेलं, बोटं थोडक्यात वाचली.

ते ऐकून त्यांची लेक आली. ती दवाखान्यात परिचारिका. दोन दिवस ती गर्दीत उभी राहिली आणि आकडा सोडून गुरूंकडेच बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं कापूस आणला. गुरूंनी कानांत बोळे घालावेत, भिंतीकडे तोंड करावं आणि खुशाल आज्ञा द्यावी, एवढीच विनंती. प्राणाला कापूस आडवा येतो, असं चारचौघांत म्हणणं गुरूंना जड गेलं.

मग आज्ञा सुटली, की आकडा आणखी खाली जाई. गुरू गप्प असले, की आपखुशीनं चढे.

लेकीनं उलगडून सांगितलं. श्वास अडला की नाडी मंदावते. मग आप्पा दचकून मोठा श्वास घेतात आणि नाडी धावत सुटते. पण चिमटा मागच्या काही ठोक्यांची सरासरी दाखवतो, म्हणून आकडा जरा उशिरा चढतो. गुरूंची सगळी सिद्धी त्या चार-पाच सेकंदांतली. ते तो मोठा श्वास ऐकून हुकूम सोडत, आणि आम्ही शहाणे आकड्याला डोळे लावून बसत असू.

गुरूंना एकाएकी महत्त्वाचं काम आठवलं. हशानं आप्पा जागे झाले. लेक त्यांच्याजवळ बसली. "आप्पा, झोपेत तुमचा श्वास अडतो. हा आजार आहे आणि याला इलाज आहे."

आप्पांनी आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी गुदमरत होतो, आणि तुम्ही हात जोडून बघत होतात?"

वाचकहो, माणूस गुदमरत असेल तर हात जोडू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आम्ही आप्पांना त्याच दुपारी नेलं.