रिकामा डबा परत जात नाही

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधल्या सबनिसांच्या घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम सापडलंय, असं कधी झालं नाही. एकात तूरडाळ, एकात कढीपत्ता, एकात गेल्या गणपतीचे उरलेला कापूर-बिपूर. आणि जे रिकामे, ते गराजमध्ये. नीनाने आयुष्यात डबा टाकला नाही. गाडी पावसात उभी आणि डबे छपराखाली, असा तो कारभार.

तिचा नवरा गिरीश पन्नाशी उलटली तरी वांड होता. गावात शोभेला उभ्या केलेल्या सिमेंटच्या गायींच्या पुतळ्यांसाठी चाऱ्याचा फंड आहे म्हणून त्याने ऑफिसात पुण्याहून नवीन आलेल्या पोरांकडून वर्गणी काढली होती, आणि मग त्याच पैशात सगळ्यांना समोसे खिलवले होते. त्यातला सुयश नावाचा पोरगा तेव्हापासून ‘गिरीशकाका’ म्हटलं की आधी खिसा धरायचा.

पण २००६च्या दिवाळीआधी गिरीशला हसू येईना. झालं होतं असं की पुढच्या मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक, आणि नीनाला आपल्या वॉर्डातून पक्षाची उमेदवारी हवी होती. अठरा वर्षं ती पक्षासाठी दारोदार लीफलेट टाकत आली होती. कुत्र्यांचे दात, लेटरबॉक्सच्या स्प्रिंगमध्ये चेमटलेली बोटं, सगळं सोसून. लीफलेटवर फोटो मात्र दरवेळी कुठल्यातरी गोऱ्या साहेबाचा.

“एकदा तरी माझं नाव असलेलं लीफलेट टाकायचंय हो मला,” ती म्हणाली होती, भांडी विसळता विसळता, पाठमोरीच. गिरीशला ते पाठमोरं बोलणं लागलं.

उमेदवार ठरवणार पक्षाचे स्थानिक मेंबर, मतदान करून. पण चेअरमन जेफ्री पेलम यांनी एक पाचर मारली. म्हणाले, “इलेक्शनला पैसा लागतो. मीटिंगला येताना दोघांनीही सांगा, किती उभा केलात आणि कोणाकडून.” दोघं म्हणजे नीना आणि कॉलिन हॅदर्ली. कॉलिन इस्टेट एजंट, चेअरमनच्या गोल्फमधला. त्याने लगेच हॉटेलात डिनर ठेवलं, माणशी शंभर पौंड. बिल्डरांनी टेबलंच्या टेबलं घेतली, बिल्डरांचे वकील आले. एका संध्याकाळीत काम फत्ते.

“आपणही डिनर करू या का, काकू?” सुयशने विचारलं.

“शंभर पौंड देऊन तू येशील?”

“शंभरात मी विमानाने पुण्याला जाईन!”

गिरीश मात्र गराजच्या दाराकडे बघत होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं, समोशाच्या वेळचं हसू आलं.

“नाही हां,” नीना म्हणाली. “काय असेल ते आधीच नाही.”

पण दिवाळीचा चिवडा ती दरवर्षी करायचीच. या वर्षी पातेलं मोठं चढलं, इतकंच. गराजमधले डबे धुऊन निघाले, भरले गेले आणि रेडवेवरून, म्हणजे गावातल्या लाल सायकलवाटांवरून, सायकलने घरोघरी पोचले. प्रत्येक झाकणावर गिरीशने एक चिठ्ठी चिकटवली होती: ‘दिवाळीच्या शुभेच्छा. नीना सबनीस कौन्सिलला उभी राहू पाहतेय. आमच्याकडे रीत आहे, शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत.’

नीनाने चिठ्ठी वाचली तेव्हा निम्मे डबे गेले होते. “अहो, ही भीक झाली!”

“मागितलं कुठे मी? रीत सांगितली.”

“आणि त्यांनी त्यात पैसे टाकायचे?”

“शहाण्याला शब्दाचा मार.”

आठवड्याभरात डबे परत यायला लागले. एकही रिकामा नव्हता. पहिल्यात जॅम. दुसऱ्यात हिरव्या टोमॅटोची चटणी. तिसऱ्यात स्कोन्स, म्हणजे त्यांचे ते छोटे गोडसर पाव, एकात लेमन कर्ड, म्हणजे लिंबाच्या जॅमच्या बाटल्या, एकात विणलेले मोजे. मराठी घरांनी तर हद्द केली. त्यांना रीत पाठच. रव्याचे लाडू, चकल्या, एकीने चक्क अळूवडीचे उंडे. पैसे? तेवढे सोडून बोला.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. मध्ये उभा राहून गिरीश, ज्याने उभ्या ऑफिसला टोपी घातली होती, डोकं खाजवत होता.

नीना आधी हसली. पदराचं टोक तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम खुर्चीत बसली. “शनिवारी मीटिंग आहे हो. मी तिथे काय, मोजे दाखवू?”

आता गिरीशच्या लक्षात आलं. चेष्टा आपली, आणि हसं होणार हिचं. रात्री तो कूस बदलत राहिला. सकाळी उठून त्याने कम्युनिटी सेंटरचा हॉल बुक केला आणि नवीन चिठ्ठ्या टाकल्या: ‘तुम्ही डब्यातून दिलेलं सगळं गुरुवारी विकायला ठेवतोय, नीनाच्या फंडासाठी. या.’

अख्खा वॉर्ड लोटला. दानतीपेक्षा त्यात धास्ती जास्त होती. आपला जॅम कोणी घेतंय का, की तसाच पडलाय, हे बघायला बायका आल्या, आणि पडलेला दिसू नये म्हणून नवऱ्यांना पाठवून स्वतःचाच जॅम विकत घेतला. लाडवांसाठी गोऱ्या आज्यांनी रांग लावली. सुयश मोजे घालूनच घरी गेला. आणि खरेदी झाल्यावर कोणी हलेना. सगळे नीनाभोवती, हिचं गटार तुंबलंय, त्याची बस बंद झालीय. ती ऐकत होती, मान हलवत होती.

शनिवारी मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. चेअरमननी आधी कॉलिनचा आकडा वाचला: चार हजार पौंड, नऊ देणगीदार. टाळ्या. मग नीनाचा: सहाशे बारा.

“बरं,” जेफ्री पेलम चष्म्यावरून बघत म्हणाले, “मिसेस सबनीस, हे दिले कोणी?”

शेवटच्या रांगेत गिरीश सरसावून बसला. त्याने डाव रचून ठेवला होता. खुर्चीखालच्या पिशवीत झाकणं होती. तो खूण करणार, सुयश आणि मंडळी झाकणं वाजवणार, नुसता धुमाकूळ.

पण नीना उठली. हातात कागद नाही.

“मिसेस डॉसन, हिरव्या टोमॅटोची चटणी. यांच्या घरामागच्या अंडरपासमधला दिवा दोन वर्षं बंद आहे; नात रात्री हॉस्पिटलमधली ड्यूटी करून येते, म्हणून त्या टॉर्च घेऊन तिला आणायला जातात. स्कोन्स, कोपऱ्यावरचे मिस्टर लॉइड. त्यांची बस बंद झाल्यापासून त्यांनी बायकोच्या कबरीवर फुलं वाहिलेली नाहीत...”

ती बोलत राहिली. घरामागून घर. अठरा वर्षं ज्या लेटरबॉक्सांत तिची बोटं चेमटली होती, त्यामागचं एकेक माणूस. गिरीशने पिशवी पायाने हळूच मागे ढकलली. इथे झाकण वाजवणं म्हणजे चालू गाण्यात खोकणं.

“आणि लेमन कर्ड,” नीना म्हणाली. “चार बाटल्या, पहिल्या पाच मिनिटांत संपल्या. मिसेस मार्गारेट पेलम.”

चेअरमननी मान वळवली. शेजारी त्यांची बायको मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती.

“मार्गारेट?”

“मग काय, डबा रिकामा परत करायचा होता?” मार्गारेट म्हणाली. “वाचता येत नाही का तुला? झाकणावर लिहिलं होतं.”

असा हशा उसळला की चेअरमननाही हसावं लागलं. मेंबरांची मतं पडली, मोजणी झाली. सात मतांनी नीना.

बाहेर कॉलिनने येऊन हात मिळवला. दिलदार गडी निघाला. “तुमचा डबा माझ्याकडेच आहे,” तो ओशाळून म्हणाला. “चिवडा संपवला. डब्यात स्क्रू ठेवलेत.”

“म्हणजे रिकामा नाही ना!” गिरीश म्हणाला. “चालतंय की.”

दुसऱ्या दिवशी डबा आला. आत दुकानातले मिन्स पाय, म्हणजे ख्रिसमसच्या करंज्याच, किमतीच्या स्टिकरसकट. आणि निरोप: लीफलेट वाटायला माणूस लागला तर सांगा, रस्ते माहीत आहेत.

फेब्रुवारीत छापखान्यातून गठ्ठे आले. नीना आत फोनवर होती. गिरीशने वरचं एक लीफलेट उचललं, चपला घालून बाहेर गेला, स्वतःचंच दार लावून घेतलं आणि बेल वाजवली.

“आले, आले!” आतून आवाज. तोवर लेटरबॉक्सची झडप उघडून त्याने कागद आत सरकवला. त्या मेल्या स्प्रिंगने बोटं कचकन धरली. सोडवून घेत तो तसाच वाकून फटीतून बघत राहिला.

नीनाने पायपुसण्यावरून कागद उचलला. स्वतःचा फोटो बघितला. फोन कानालाच होता, पलीकडून कोणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं. तिने नावावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

“अहो,” ती दाराकडे न बघताच म्हणाली, “थंडीत काय वाकून बसलात, आत या.”

“मॅडम, मी पक्षाचा कार्यकर्ता,” फटीतून आवाज आला. “मला अजून चारशे घरं करायचीत.”